पचनाचे सामने

मध्या, हरलो आपण. काल शेवटचा सामना होता, तोही हरलो, आणि सहा संघांत सहावे आलो. हे तुला कळवायला हवं. सकाळच्या गाडीत सांगितलं असतं, पण ग्योतोकुच्या फलाटावर तिसऱ्या डब्याच्या खुणेपाशी आता मी एकटाच उभा असतो, आणि रांगेतल्या जपानी माणसाला मराठीतून मॅच सांगण्याइतका अजून मी बिघडलेलो नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर दोन पानं द्या, असा निरोप आला होता. जन्मगाव, शिक्षण, कंपनी, स्वभाव मनमिळाऊ, सोबत एक फोटो. ते मी दुसऱ्या कुणाकडे तरी ढकललं. 'मनमिळाऊ' छापून आलं असतं तर तू संपादकांना फोन करून विचारलं असतंस, "हे कुणी सांगितलं? पुरावा काय?" म्हणून मी आपला बेसबॉलवरच लिहितो. त्यातलं तरी तुला खोडून काढता येईल.

तुला वाटेल, शिऱ्या आता रडका प्रवेश करणार. नाही रे. मला रडूच येत नाहीये. दातांचा डॉक्टर सुई देतो, त्यानंतर ओठ आपलाच असतो पण चहाचा कप नक्की कुठे टेकलाय ते कळत नाही, तसं झालंय. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात मी बापाचं मरण करून पुढच्या दोन रांगांना रुमाल काढायला लावले होते, आठवतं? तू तिसऱ्या रांगेत बसून घड्याळ बघत होतास. इथे खरं मरण आलं आणि मी स्मशानातल्या माणसाला वाकून विचारत होतो, गाडी कुठे लावायची.

तिथे त्यांनी माझ्या आणि नीलिमा वहिनींच्या हातात लांब काड्या दिल्या. एक अस्थी दोघांनी मिळून उचलायची आणि भांड्यात ठेवायची, अशी इथली पद्धत. तू इतकी वर्षं इथे राहून नूडल्स काट्याने खाल्ल्यास, दुकानदाराकडून हक्काने काटा मागून घेतलास, आणि शेवटी तुलाच काड्यांनी उचललं. हे मला तिथेच सुचलं होतं. शेजारी बघितलं, तर ज्याला सांगायचं तो नव्हता. मग पुढची अस्थी उचलली.

तुझी जागा रिकामी म्हणजे काय रिकामं झालं, हे मला सोमवारी कळलं. तोयोसुच्या ऑफिसात सोमवारचा चहा म्हणजे माझा रंगमंच. शनिवारी-रविवारी आपण मैदानावर जायचो आणि सोमवारी मी कॉफी मशीनसमोर मॅच सांगायचो. मी सांगायचो आणि तू खोडायचास.

"चेंडू असा उडाला, असा उडाला, की सीमेच्या खांबाला चाटून गेला."

"खांबाच्या आत चार हात होता."

"सगळं मैदान उभं राहिलं."

"आपल्या मागचे लोक उभे राहिले. पुढचे खात होते."

"पिचरच्या डोळ्यांत पाणी."

"तू दुर्बीण आणली होतीस का?"

लोकांना वाटायचं आपण हे ठरवून करतो. खरं तर तू मनापासून वैतागायचास. पण तू खोडायला उभा आहेस म्हणून मी बिनधास्त फुगवायचो. त्या सोमवारी मी सवयीने म्हणालो, "चेंडू खांबाला चाटून," आणि थांबलो. कुणीच काही बोललं नाही. चौघं जण माझ्याकडे बघत होते आणि सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. मी मग कपच धूत बसलो.

हा संघ आपल्या गळ्यात कसा पडला, ते नव्या लोकांना सांगायला हवं. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात ऑफिसने फुकट तिकिटं दिली होती. तुला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, मला तर त्याहून कमी. तू आत शिरलास, सूर्य कुठे आहे ते बघितलंस आणि उजवीकडे सावलीत जाऊन बसलास. आपल्याला काय माहीत, की इथे ज्या बाजूला बसाल त्या बाजूचे तुम्ही होता. समोरच्या संघाने सुरेख झेल घेतला, तू क्रिकेटच्या सवयीने टाळ्या वाजवल्यास, आणि अख्ख्या रांगेने वळून तुझ्याकडे बघितलं. पुढच्या बाकावर एक बाई होत्या. त्यांनी त्यांच्याकडचे प्लास्टिकचे दोन छोटे दांडू तुझ्या हातात दिले आणि कधी आपटायचे ते खुणेने दाखवलं. त्या ओकुमुरा-सान. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात संघाचा टॉवेल, मांडीवर मोठी पर्स. त्या दिवसापासून आपण या संघाचे. सावलीमुळे माणूस कुठल्या घरात पडेल याचा नेम नाही, असं मी म्हणायचो. "सावली नव्हे, पश्चिमेची भिंत," असं तू म्हणायचास.

मग तू जो लागलास. सहा महिने, जवळजवळ रोज मॅच, आणि तुला प्रत्येक मॅच हवी. परगावची असली तर घडीचा मोबाइल उघडून स्कोअर बघायचास. सकाळच्या गाडीत मला सगळं सांगायचास तेही कुजबुजत, कारण गाडीत मोठ्याने बोललं की लोक डोळे मिटून घेतात. कुजबुजत सांगितलेला होम रन मी तुझ्याकडूनच ऐकला. "सातव्या डावात मारला. डावीकडे. बरा होता." संपली गोष्ट. अरे, असा बाराव्याला आल्यासारखा होम रन सांगतात का?

आता शोकाची गोष्ट. ही मी शंभरदा सांगितली आहे आणि तू शंभरदा मध्ये बोललायस. आज कुणी मध्ये बोलणार नाही, त्यामुळे मी अगदी साधी सांगतो.

पहिल्याच वर्षी सप्टेंबरात आपण पहिला नंबर गाठू शकणार नाही हे गणिताने नक्की झालं. त्या संध्याकाळी ओकुमुरा-सान मागे वळून हसत म्हणाल्या, "आजपासून शोका-जिआई." जिआई म्हणजे सामना, एवढं तुला माहीत होतं. शोका ऐकल्यावर तुझा चेहरा गंभीर झाला.

"शोक," तू मला म्हणालास. "आपला शोक. बौद्ध धर्माबरोबर किती शब्द इकडे आलेत, त्यातला असणार. शोक-सामना. सीझन गेला, म्हणून उरलेल्या मॅच शोकाच्या. काय संस्कृती आहे बघ. आपल्याकडे हरलं की पुतळे जाळतात."

"त्या हसत का होत्या मग?"

"जपानी लोक दुःखात हसतात. तुला काय कळणार."

पुढच्या मॅचला तू पांढरा शर्ट घालून आलास. मलाही घालायला लावलास. बीअर नाही, तळलेलं चिकन नाही, दांडू आपटायचे नाहीत. संघाचं सुतक. आजूबाजूला लोक गात होते, खात होते, ओरडत होते, आणि त्यांच्या मधोमध आपण दोघं हाताची घडी घालून बसलेलो. चौथ्या डावाच्या सुमाराला ओकुमुरा-सानना राहवेना. त्यांनी वळून स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, पोट बिघडलंय का? तुला प्रश्न कळला नाही. पण हाताची खूण बघून तुला वाटलं, त्या मनातल्या दुःखाचं विचारतायत. तू उजवा हात छातीच्या जरा खाली ठेवलास, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "शोका."

"आ, शोका," असं म्हणून त्यांनी पर्स उघडली आणि तुझ्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. तू त्या तीर्थासारख्या घेतल्यास. एक मला दिलीस. म्हणालास, "विचारू नकोस. पद्धत असेल." आपण दोघांनी त्या गिळल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका जपानी मुलीने खुलासा केला. शोका म्हणजे पचन. निकाल लागून गेलेला असतो, पण वेळापत्रकातले सामने उरलेले असतात. ताटात उरलेलं संपवतात तसे ते संपवायचे, पचवायचे. म्हणून पचनाचे सामने. आणि त्या गोळ्या पचनाच्या. हसून हसून मी कॉफी मशीनचा आधार घेतला. तू शांतपणे ऐकून घेतलंस, जागेवर गेलास आणि दिवसभर कुणाशी बोलला नाहीस. पुढच्या मॅचला मात्र खिशातून ओव्याची पुडी काढलीस.

"त्यांनी आपल्याला औषध दिलं. आपण नको द्यायला?"

ओकुमुरा-साननी चिमूटभर ओवा चावला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या तुझ्याकडे मोठ्या आदराने बघायला लागल्या. त्यानंतर दर वर्षी, आशा संपली की पुढच्या मॅचला तू ओवा वाटायचास. अख्खी रांग हात पुढे करायची. वहिनींनी दिलेल्या थालीपिठाचा तुकडाही फिरायचा. त्याला त्या लोकांनी तिखट ओकोनोमियाकी, म्हणजे त्यांच्याकडचं धिरडं, असं नाव दिलं होतं.

पण चूक तू शेवटपर्यंत कबूल केली नाहीस. "अर्थ पचन असेल," म्हणायचास, "पण शब्द शोकच." मी म्हणायचो, शब्दकोश काढ. तू म्हणायचास, शब्दकोशाला मॅच बघायला पाठव. मला ते सामने कधी आवडले नाहीत. निकाल माहीत असलेलं नाटक कशाला बघायचं? कोवळी पोरं बॉलिंग टाकायला उभी करतात, नवखा कुणीतरी आयुष्यातला पहिला हिट मारतो, निम्मं मैदान रिकामं. तुला सगळ्यात जास्त तेच सामने आवडायचे. मी कारण विचारलं की म्हणायचास, "आता कुणी घाईत नसतं." यावर माझ्याकडे एक फर्डं उत्तर होतं. पुढच्या वेळी देईन म्हणून राखून ठेवलं होतं. आता ते मला आठवत नाही.

वहिनींचा प्रश्न तुला माहीत आहेच. वाचणाऱ्यांना मात्र सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. परत जायचं की इथेच राहायचं. सांगलीला तुझ्या दादाने वरचा मजला तुमच्यासाठी रिकामा ठेवलेला. इकडे वहिनींची नोकरी छान चाललेली आणि तुझी लेक ईशा तर काय, आपण मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं. वहिनींचा ना जायचा हट्ट, ना राहायचा. त्यांना फक्त उत्तर हवं होतं. "सोफा घ्यायचा की नाही एवढं सांग," असं त्या म्हणायच्या. जायचं असेल तर कशाला घ्यायचा, आणि राहायचं असेल तर किती वर्षं गादीला टेकून बसायचं? आणि तू दर वर्षी एकच सांगायचास. सीझन संपला की सांगतो.

सीझन संपायचा. मग म्हणायचास, नवे खेळाडू कुठले घेतायत ते एकदा कळू दे. मग हिवाळा. मग म्हणायचास, सरावाचा कॅम्प सुरू झालाय, थांब जरा. की आलाच एप्रिल. मी तुमच्याकडे जमिनीवर बसून किती वर्षं जेवलो रे. पाठ भिंतीला, ताट मांडीवर. एकदा वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, या संघाने एकदा जिंकावं किंवा बंद तरी पडावं."

यंदा सप्टेंबरातल्या त्या सकाळी तू फलाटावर आला नाहीस. मी एक गाडी सोडली, मग वैतागून दुसरीत चढलो. दुपारी वहिनींचा फोन आला. त्याच आठवड्यात आपल्या संघाचंही गणित संपलं. वेळ छान साधलीस. शोकाचे सामने सुरू झाले आणि तू नाहीस.

वहिनी आणि ईशा तुला घेऊन सांगलीला जाऊन आल्या. म्हणजे तू तर परत गेलास. इतकी वर्षं ठरत नव्हतं, ते हँडबॅगेत बसून ठरलं. तिकडे दादा म्हणाले, वरचा मजला आहे, या. इकडे कंपनीने राहत्या घराबद्दल विचारलं, ठेवणार की सोडणार; महिनाअखेर सांगा म्हणाले. दिवसकार्य उरकून परत आल्यावर वहिनींनी मला जेवायला बोलावलं. जेवण झालं. ईशा तिच्या खोलीत गेली. वहिनी माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"भावजी, तुम्हाला तरी तो काही म्हणाला असेल. रोज सकाळी बरोबर असायचात. काय ठरवलं होतं माधवने?"

मी मांडीवरचं रिकामं ताट खाली ठेवलं.

"तो जे म्हणाला असेल तसंच करू," त्या म्हणाल्या. "माझं डोकं चालत नाहीये. मी फक्त करेन."

त्यांनी हे मला विचारावं, मध्या. मला. ज्याच्या गोष्टीतलं निम्मं तूच काढून टाकायचास. मी म्हणालो, "सीझन संपू दे वहिनी, नीट आठवून सांगतो." तोंडातून तुझंच वाक्य बाहेर पडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मान डोलावली.

मग मी उरलेल्या सामन्यांना जायला लागलो. तू असतास तर गेलाच असतास, म्हणून गेलो असेन. शेजारची तुझी जागा रिकामी ठेवायचो आणि तिच्यावर माझी छत्री. पहिल्याच दिवशी ओकुमुरा-साननी विचारलं, "मादाबु-सान?" मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "यासुमी." सुट्टीवर आहे. त्यांनी मान डोलावली. पुढच्या मॅचला त्यांनी परत विचारलं, आजही यासुमी? मी म्हटलं, आजही. त्यानंतर त्या विचारायच्या नाहीत. छत्रीकडे बघायच्या आणि पुढे तोंड करून बसायच्या. ओवा मी नेला नाही. रांगेतल्या कुणी मागितलाही नाही.

आणि मी काय करत होतो सांगू? समोर मॅच चालू असताना मी तुझे संवाद लिहीत होतो. मनातल्या मनात. एकात तू फलाटावर उभा राहून म्हणतोस, "शिऱ्या, पुरे झालं आता, सांगलीच्या घराला रंग द्यायचाय." दुसऱ्यात म्हणतोस, "ईशाचं सगळं इथेच आहे रे, आता कुठे हलायचं." दोन्ही मी बाथरूममध्ये म्हणून बघितले. कुठे थांबायचं, कुठे खाली बघायचं. दोन्ही फर्मास जमले होते. वहिनींनी कुठलाही ऐकला असता तर त्या त्या दिशेने सामान बांधलं असतं, किंवा सोडलं असतं. पण दोन्हींत तू फार छान बोलतोस. तू असा कधी बोललास? आणि माझ्या शेजारी छत्री होती. ती काही खोडून काढत नव्हती.

काल शेवटच्या मॅचला मी गेलो तर माझ्या आधी जागेवर वहिनी आणि ईशा. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आल्या होत्या. ऑफिसची पर्स मांडीवर, ताठ बसलेल्या, इंटरव्ह्यूला आल्यासारख्या. "म्हटलं बघावं तरी," त्या म्हणाल्या, "कशासाठी थांबलो होतो इतकी वर्षं."

मी सवयीने छत्री ठेवली, तर ईशाने ती उचलून खाली ठेवली आणि तुझ्या जागेवर बसली.

ओकुमुरा-सान वळल्या. नव्या माणसांना बघून हसल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, मादाबु-सानच्या घरचे? मी हो म्हटलं. मग त्यांनी आनंदाने विचारलं, मग आज तो पण येणार? माझ्याकडे तो एकच शब्द होता आणि मी तो उच्चारणार होतो. ईशाने ऐकलं. तिने हात मांडीवर ठेवले आणि शाळेत उत्तर द्यावं तसं स्वच्छ जपानीत सांगितलं, "बाबा सप्टेंबरमध्ये वारले." घरात कुणाला हे अजून एका वाक्यात म्हणता आलं नव्हतं. मराठीत तर नाहीच.

ओकुमुरा-सान माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. त्यांनी गळ्यातला टॉवेल काढला, घडी घालून पर्सवर ठेवला आणि ईशाला वाकून नमस्कार केला. मग वहिनींना. समोर कुणीतरी हिट मारला, रांग उठली, बसली. त्या वाकलेल्याच होत्या. मग सरळ झाल्या, पर्स उघडली आणि आमच्या तिघांच्या तळहातांवर एकेक गोळी ठेवली. एक स्वतः घेतली.

वहिनींनी तळहाताकडे बघितलं. "त्याच?"

"त्याच," मी म्हटलं.

त्यांनी ती थंड चहाबरोबर गिळली. मग ऑफिसच्या पर्समध्ये हात घालून, फॉइलमध्ये गुंडाळलेली पुडी काढली. "दर वर्षी या दिवसांत मागायचा," त्या म्हणाल्या, "सवयीने भाजून ठेवला होता." ओकुमुरा-साननी हात पुढे केला. त्यांच्या पलीकडच्या माणसाने केला. मग रांगेतल्या सगळ्यांनी. वहिनी उभ्या राहून एकेकाला चिमूट देत गेल्या. त्या कुणाची नावं विचारत नव्हत्या आणि ते लोक नुसते चावत होते. ओवा तिखट होता. रांगेतले सगळे डोळे पुसत होते, त्यामुळे कोण कशासाठी पुसतंय ते कळायला मार्ग नव्हता. मी सोडून. माझे कोरडेच.

मॅच संपली. आपले खेळाडू रांगेत उभे राहून टोप्या काढून आमच्यासमोर वाकले. सहावे आले तरी वाकतात, हे वहिनींना नवीन होतं. लोक अजून गात होते.

"संपला ना सीझन?" वहिनी म्हणाल्या. "आता सांगा."

दोन्ही संवाद तयार होते, मध्या. पाठ होते. आणि प्रेक्षक विश्वास ठेवायला बसलेला. माझ्या डाव्या बाजूला, जिथून तू खोडायचास, तिथे ईशा होती आणि ती खाली मैदानाकडे बघत होती.

"ऑगस्टमध्ये मी त्याला विचारलं होतं," मी म्हटलं. "इथेच बसलो होतो. म्हटलं, मध्या, काय ठरवलंस, वहिनींना काय सांगणार आहेस?"

"मग?"

"तो म्हणाला, त्या शॉर्टस्टॉपचा डावा पाय बघ, लंगडतोय."

"आणि?"

"एवढंच. मग आम्ही त्याचा पाय बघत बसलो. वहिनी, दुसरं काही मला माहीत नाही."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. आणि त्या हसल्या. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. तोंडावर हात धरून, पुढे वाकून हसल्या. "हा माधवच," म्हणाल्या. "हा अगदी माधवच." ईशाने विचारलं, कुठल्या पायाने? "डाव्या," मी म्हटलं. ती म्हणाली, उजव्या. टीव्हीवर बाबांबरोबर तिने बघितलं होतं. मी म्हटलं, डाव्या. ती म्हणाली, "काका, उजव्या." आणि हे मराठीत म्हणाली.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं ओळीने बसलो. नियमाप्रमाणे कुणी बोलत नव्हतं. ग्योतोकु जवळ आल्यावर वहिनी कुजबुजल्या, "तुम्ही दुसरं काही सांगितलं असतंत ना भावजी, तर मी खरं मानलं असतं."

मी म्हटलं, "माहीत होतं."

"रविवारी मोकळे आहात का? सोफा बघायला जायचंय. उचलायला माणूस लागेल."

"केवढा?"

वहिनी उत्तर द्यायच्या आत ईशा म्हणाली, जपानीतच, की तिघांचा.

तर मध्या, असं झालं. रविवारी सोफा आणायला जातोय. मी त्याच्या डाव्या टोकाला बसणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. ओकुमुरा-साननी एप्रिलमधल्या पहिल्या मॅचला जागा धरून ठेवते म्हणून सांगितलंय; किती, ते बोलल्या नाहीत. पचन की शोक, तो वाद अर्धाच राहिला. मी अजून पचनाच्या बाजूने आहे, पण माझं अजून काही पचलेलं नाही, त्यामुळे सध्या जोर लावत नाही.

आणि शेवटच्या डावातला तो फटका. आपला नवखा पोरगा, पहिलाच सीझन. त्याने चेंडू असा मारला, असा मारला, की खांबाला चाटून आत गेला, सगळं मैदान उभं राहिलं आणि समोरच्या पिचरच्या डोळ्यांत पाणी आलं.

बोल.